इतिहास, बीजगणित आणि सभेत बोलणं



हायस्कूलमधला इतिहास, बीजगणित आणि वक्तृत्व, असा विषय मला दिला आहे. मी संयोजकांना म्हटलं, अहो, माझी डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली. ते म्हणाले, पण सर, हे तिन्ही तुम्ही इथेच शिकलात ना? शिकलो खरा. इतिहास पाठ केला, बीजगणितात कसाबसा पास झालो, आणि बोलणं कोणी शिकवलंच नाही.

आता गंमत अशी, की या तिन्ही विषयांचं काय करायचं याचा विचार आपल्याच जिल्ह्यात झाला होता. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. त्याआधी दीड वर्षापूर्वी ते शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले होते. परिषदेनं डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली. तीत विनोबा होते, काका कालेलकर होते, किशोरलाल मश्रुवाला, कुमारप्पा होते. डिसेंबरात अहवाल तयार! आजच्या समित्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. सात वर्षांचं शिक्षण, मातृभाषेतून, एका हस्तोद्योगाभोवती. गांधीजींचा हिशेब असा, की मॅट्रिकमधून इंग्रजी वजा करा आणि उद्योग मिळवा.

आमच्या पिढीनं यातलं काय पाहिलं? टकळी. मूलोद्योगाचा तास. पेळू तुटला की मार. योजना सरकारी शाळेत पोचेपर्यंत तिची टकळीच तेवढी उरली होती. पण मूळ अहवाल मी पुढे प्राध्यापक झाल्यावर वाचला आणि चकित झालो. मातृभाषेच्या उद्दिष्टांत वाचन-लेखनाच्या आधी बोलणं आहे. मुलाला भोवतालच्या गोष्टींबद्दल मोकळेपणानं बोलता यावं, रोजच्या कुठल्याही विषयावर स्पष्ट, सुसंगत आणि मुद्द्याला धरून बोलता यावं.

आम्ही काय करत होतो? १ ऑगस्ट आली की टिळकांवर भाषण. शेंगांची गोष्ट, टरफलं, आणि खाली बसणं. वडील भाऊ लिहून द्यायचा, आपण घोकायचं. टिळक फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत, हे त्या भाषणांत कधी आलं नाही. आणि गोखल्यांचं नाव तर आमच्या स्टेजवर फारसं यायचंच नाही. खरं म्हणजे हे तिन्ही विषय एका माणसात पाहायचे तर गोखले पाहावेत. गणित शिकवलं, अंकगणिताचं पुस्तक तयार केलं, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवलं. आणि मार्च १९०२ मध्ये कलकत्त्याला कायदेकौन्सिलात उभे राहून अर्थसंकल्पावर बोलले. सरकार सांगत होतं, तिजोरीत शिल्लक आहे, म्हणजे देश भरभराटीत आहे. गोखल्यांनी आकडे मांडून दाखवलं, की ही शिल्लक भरभराटीची नाही, गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची आहे. त्यांच्या त्या बोलण्यात गणित किती, इतिहास किती आणि वक्तृत्व किती, हे वेगळं काढता येत नाही.

इतिहासाबद्दल अहवालाचा रोख लढायांवर कमी आणि लोक कसे जगले यावर जास्त होता. आमच्या पुस्तकात पानिपत होतं, प्लासी होती. वर्धा जिल्हा नव्हता. हा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढला, मुख्य ठिकाण आधी पुलगावजवळ कवठ्याला होतं, १८६६ मध्ये पालकवाडीला आलं, तेच आजचं वर्धा. हे मला वयाच्या चाळिशीत कळलं. त्याच सुमाराला अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, १८६१ ते ६५. तिकडचा कापूस बंद पडला, मँचेस्टरच्या गिरण्या अडल्या, आणि हिंगणघाटच्या कापसाला विलायतेत भाव आला. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या बंडीतला कापूस अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या प्रश्नाशी बांधलेला होता. हे आठवीत कोणी सांगितलं असतं तर?

आता बीजगणित. इथे मात्र माझी वर्धा योजनेशी तक्रार आहे. गणितात त्यांनी घेतलं काय, तर चार रीती, अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज, क्षेत्रफळ, जमाखर्च. घरात, गावात, उद्योगात लागेल तेवढं. बीजगणिताला जागा नाही. बाकी शाळांत बीजगणित होतं, पण ते गाळणी म्हणून.

माझ्या बाकावर एक मित्र होता. नाव सांगत नाही, तो आज इथे बसला असेल. नववीत त्यानं विचारलं, "सर, क्ष म्हणजे काय?" वर्ग हसला, सरही हसले. दोनदा नापास झाला, शाळा सुटली. त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता हो! भास्कराचार्य बीजगणिताला अव्यक्त गणित म्हणतात. जे माहीत नाही त्याला यावत्तावत् म्हणा, दुसरं असेल तर कालक, मग नीलक, पीतक, चक्क रंगांची नावं, आणि हिशेब पुढे न्या. माहीत नाही म्हणून थांबायचं नाही, एवढंच त्यात आहे. हे सांगायला दोन मिनिटं पुरली असती.

आणि ते आमच्या हातात होतं! चार फुटांची एक तार, ६४० तारांची एक गुंडी. एका रत्तलात साधारण जितक्या गुंड्या, तितका सुताचा अंक. गुंड्या भागिले वजन, बरोबर अंक. यातल्या कुठल्याही दोन गोष्टी माहीत असल्या की तिसरी निघते. हे समीकरणच की! आम्ही रोज कातत होतो आणि ते फळ्यावर कोणी लिहिलं नाही.

तो मित्र ग्रामसभेत उत्तम बोलतो. कोणत्या नाल्याचा पाट कोणत्या साली बुजला, कोणाची पांदण कोणी दाबली, सगळं तोंडपाठ. सरपंच त्याला वचकून असतात. पण एकदा कापूस विकायला मी त्याच्याबरोबर गेलो होतो. व्यापारी म्हणाला, "रुईचा उतारा कमी आहे, भाव एवढाच." एका क्विंटल कापसातून समजा ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुईचा भाव, सरकीचा भाव, जिनिंगचा खर्च धरला तर उतारा एका टक्क्यानं घसरल्यावर भाव किती उतरायला हवा, हे काढता येतं. व्यापाऱ्यानं त्याहून बराच जास्त उतरवला होता. मित्राला संशय आला होता, मला दिसत होतं. पण मांडायचं कसं? ग्रामसभा गाजवणारा माणूस तिथे गप्प उभा राहिला. आणि मी, पीएच. डी. झालेला, मलाही ते घरी येऊन कागदावर करावं लागलं. तोवर गाडी खाली झाली होती.

बरं, वेळ झाला. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या मुलींपासून सुरुवात करा. चिठ्ठी पाठवू नका, उभं राहून विचारा. माईक नसला तरी चालेल, मला अजून ऐकू येतं.