८०५१ मायक्रोकंट्रोलर : पिनांची रचना व कार्ये

इंटेल या अमेरिकन कंपनीने १९८० मध्ये बाजारात आणलेला आठ-बिटी मायक्रोकंट्रोलर (सूक्ष्मनियंत्रक). मूळ चिपमध्ये ४ किलोबाइट रॉम, १२८ बाइट रॅम, दोन टायमर व एक सिरियल पोर्ट होता. पुढे अ‍ॅटमेल, फिलिप्स इत्यादी कंपन्यांनी त्याच पिनरचनेच्या चिपा काढल्या. महाराष्ट्रातील तंत्रनिकेतनांत मायक्रोकंट्रोलरची ओळख बहुधा याच चिपपासून होते. ही नोंद ४० पिनांच्या डीआयपी आवरणापुरती आहे.

मोजणी व वीजपुरवठा : चिपची खाच वर धरली की डावीकडची सर्वांत वरची पिन १. तेथून खाली २० पर्यंत, मग उजवीकडे तळापासून वर ४० पर्यंत मोजावे. २० ला ग्राउंड, ४० ला ५ व्होल्ट. या दोन पिना कर्णाच्या टोकांना असल्यामुळे चिप सॉकेटात उलटी बसली की ग्राउंडच्या पिनेला ५ व्होल्ट आणि ५ व्होल्टच्या पिनेला ग्राउंड मिळते. चिप बोटाला चटका बसेल इतकी तापते व बहुतेक वेळा निकामी होते. खाच पाहिल्याशिवाय वीज देऊ नये.

पोर्ट : चार पोर्टांच्या मिळून ३२ पिना होतात, पण हा आकडा फसवा आहे. बाहेरची मेमरी जोडली की पोर्ट ० पत्त्याचा खालचा बाइट आणि डेटा आळीपाळीने वाहतो, पोर्ट २ पत्त्याचा वरचा बाइट देतो आणि पोर्ट ३ मधील १६ व १७ या पिना लेखन-वाचनाच्या संकेतांत गुंततात. हाती १४ पिना उरतात. सिरियल संपर्कासाठी १० व ११ दिल्या की १२.

पोर्ट ० (पिन ३९ ते ३२) मध्ये अंतर्गत पुल-अप नाही. तेथे १ लिहिला तरी पिन अधांतरीच राहते. म्हणून प्रत्येक पिनेपासून ५ व्होल्टला साधारण १० किलोओहमचा रेझिस्टर जोडतात. बाकीच्या पोर्टांचे पुल-अपही दुबळेच. त्यामुळे एलईडी पिनेतून ग्राउंडला न जोडता ५ व्होल्टपासून रेझिस्टरमार्गे पिनेकडे जोडावा आणि ० लिहून पेटवावा. अ‍ॅटमेलच्या एटी८९सी५१ या चिपमध्ये एक पिन १० मिलिअँपिअर आत घेते, पण पोर्ट १, २, ३ यांची मर्यादा आठ पिना मिळून प्रत्येकी १५ मिलिअँपिअर आहे. ही दुसरी मर्यादा हमखास नजरेतून सुटते. पिन इनपुट म्हणून वापरायची असेल तर तिच्यावर आधी १ लिहावा लागतो.

रीसेट (पिन ९) : दोन मशीन सायकल उच्च राहिली की प्रोग्रॅम ०००० या पत्त्यापासून सुरू होतो.

क्रिस्टल (पिन १८, १९) : १२ मेगाहर्ट्झला मशीन सायकल बरोबर १ मायक्रोसेकंदाची येते. सिरियल कामासाठी मात्र ११.०५९२ मेगाहर्ट्झ घेतात. या संख्येला १२ ने व मग ३२ ने भागले की २८,८०० येतात. त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे नेमका ९६०० बॉड.

पीएसईएन (पिन २९) : बाहेरील प्रोग्रॅम मेमरी वाचण्याचा संकेत.

एएलई (पिन ३०) : पोर्ट ० वर या क्षणी पत्ता आहे हे लॅचला (बहुधा ७४३७३) सांगते. एरवी येथे क्रिस्टलच्या एक-षष्ठांश वारंवारतेचे स्पंद येत राहतात. चिप जिवंत आहे का, हे तपासण्याची यापेक्षा सोपी जागा नाही : १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असताना सीआरओचा प्रोब ३० वर टेकवल्यावर २ मेगाहर्ट्झ दिसले, तर क्रिस्टल चालू आहे.

ईए (पिन ३१) : ग्राउंडला जोडली तर चिप स्वतःची रॉम सोडून बाहेरच्या मेमरीतून आज्ञा वाचते. अंतर्गत प्रोग्रॅमसाठी ती ५ व्होल्टला जोडणे आवश्यक आहे. ही पिन मोकळी राहिल्याने अचूक प्रोग्रॅमही चालत नाही आणि विद्यार्थी तासन्‌तास कोडमध्ये चूक शोधत बसतात. चिप गप्प असेल तर कोडला हात लावण्याआधी ३१ वर मल्टिमीटर टेकवावा.

इतर आवरणे : ४४ पिनांच्या पीएलसीसी आवरणात क्रमांक वेगळे आहेत, वरील क्रमांक तेथे लागू होत नाहीत.