'इन ऊतेरो' : उदरातील वारस

तेल्हाऱ्याच्या परिसरात कपाशीची वेचणी चालू असताना घरचा कर्ता पुरुष निवर्तला आणि त्याची पत्नी गर्भवती असली, तर दुःखाच्या पाठोपाठ एक प्रश्न उंबरठ्याशी येतो : सात-बाराच्या उताऱ्यावर वारस म्हणून कोणाची नावे लागणार? उदरातल्या बाळाला अद्याप ना नाव, ना जन्माचा दाखला. त्याचा हिस्सा कोणी राखावा?

हा प्रश्न प्राचीन रोमन विधिज्ञांनाही पडला होता. अशा बाळाविषयी बोलताना ते 'इन ऊतेरो' म्हणजे 'गर्भाशयात असलेले' असा शब्दप्रयोग करीत. सम्राट जस्टिनियनने इ. स. 533 मध्ये जारी केलेल्या 'डायजेस्ट' या विधिसंग्रहात पाउलुस या विधिज्ञाचे मत आहे. त्याचा आशय असा की, गर्भस्थाच्या हिताचा प्रश्न येतो तेव्हा ते जन्मलेलेच आहे असे मानावे. मात्र जन्मापूर्वी त्याच्या आधारे इतरांनी लाभ घेऊ नये. त्याचा वाटा सांभाळण्यास पालक नेमला जाई आणि त्या मालमत्तेतून मातेचा निर्वाह चाले.

संत जेरोमच्या लॅटिन बायबलातही हे शब्द आढळतात. पवित्र मरियेचे अभिवादन ऐकताच एलिझाबेथच्या उदरातील बाळाने उडी मारली, तेथे संत लूकच्या शुभवर्तमानात 'इन ऊतेरो' असेच आहे.

आपल्या देशातही हे तत्त्व रुजले. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचे कलम 27 आणि 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे कलम 20, दोन्ही गर्भस्थाला वारस मानतात. अट एकच : ते जिवंत जन्मास यावे. मुलगा की मुलगी, हा भेद तेथे नाही.

तो भेद समाजाने केला. सोनोग्राफीने उदरातले बाळ दिसू लागले आणि कन्या संकटात आली. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्रानेच केला. केंद्राचा 1994 चा कायदा 1 जानेवारी 1996 पासून अमलात आला.

म्हणून आमचे वाचकांस सांगणे आहे : शेजारी असा प्रसंग ओढवला, तर वारसनोंदीच्या वेळी ती माउली गर्भवती असल्याचे तलाठ्यास आवर्जून कळवावे. ज्यास अजून बोलता येत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी बोललेच पाहिजे.