ब्लॅक डाहलिया : एका खुनाला दिलेले उत्तर

१५ जानेवारी १९४७ रोजी सकाळी लॉस एंजलिसच्या लाइमर्ट पार्क वस्तीतल्या एका मोकळ्या जागेत एलिझाबेथ शॉर्ट या २२ वर्षांच्या तरुणीचे प्रेत सापडले. कमरेपाशी त्याचे दोन तुकडे केलेले होते. ओळख पटली ती बोटांच्या ठशांवरून. १९४३ साली तिने एका लष्करी छावणीत नोकरी केल्यामुळे ते सरकारदफ्तरी होते. त्यानंतर 'एक्झामिनर' या दैनिकाच्या वार्ताहरांनी मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या तिच्या आईला फोन केला. मुलीने सौंदर्यस्पर्धा जिंकली आहे असे सांगून हवी ती माहिती काढून घेतली, आणि मग खरी बातमी दिली. खुनी कधीच सापडला नाही. या प्रकरणाचा विचार करताना मला त्या खुन्याहून हा फोनच अधिक आठवतो.

'ब्लॅक डाहलिया' हे नावही १९४६ च्या 'द ब्लू डाहलिया' या चित्रपटाच्या नावावर बेतलेले. म्हणजे २००६ साली ब्रायन डी पाल्मा या विषयाकडे वळले तेव्हा मृत शॉर्टला सिनेमाने आधीच आपली करून ठेवली होती.

चित्रपटाचा आधार जेम्स एलरॉय यांची १९८७ ची कादंबरी. एलरॉय दहा वर्षांचे असताना, १९५८ साली, त्यांच्या आईचा खून झाला. तोही उलगडला नाही. कादंबरी आईलाच अर्पण केलेली आहे. खुन्याचे नाव सांगण्याचा तिचा हट्ट इतिहासाला धरून नाही. पण तो हट्ट कुणाचा आहे हे कळत असल्याने आपण तो मान्य करतो. चित्रपटात ही वेदना गळते आणि उत्तर तेवढे उरते. मुष्टियुद्ध, दोन पोलीस आणि एक स्त्री, बांधकामातून गबर झालेले घराणे, जुनी लाचखोरी असे सारे धागे शेवटी एका कबुलीजबाबात घाईघाईने कोंबले जातात. प्रेक्षक गोंधळतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. विल्मॉस झिगमंड यांचा पिवळसर प्रकाश आणि दान्ते फेरेत्ती यांचे नेपथ्य मात्र डोळ्यांत राहते. (हे लॉस एंजलिस बरेचसे बल्गेरियात उभारलेले आहे!)

तरीही दोन ठिकाणी चित्रपट इतिहासाच्या अगदी जवळ जातो. पोलीस रस्त्यावर पाळत ठेवून असताना कॅमेरा इमारतीवरून वर चढतो. दूर, मागच्या बाजूला, एक बाई किंचाळत धावते. कॅमेरा तिथे थांबत नाही, खाली येऊन गोळीबाराकडे वळतो. प्रेत सापडले आहे आणि कोणाचे लक्ष नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे मिया कर्शनर यांनी साकारलेल्या शॉर्टच्या कृष्णधवल पडदा-चाचण्या. हा प्रसंग कल्पित आहे. शॉर्टने कुठल्या चित्रपटात भूमिका केल्याची नोंद नाही. ती हसते, गोंधळते, आवडावे म्हणून बोलत राहते, आणि पडद्याबाहेरून एक पुरुष तिला प्रश्न विचारत राहतो. तो आवाज खुद्द डी पाल्मा यांचा आहे.