डालड्याच्या डब्यातला मेक्सिको

मंडळी, या विकांताला कोड नाही, कांदे! म्हणजे फुलांचे.

माणगावला आमच्या घरापुढचा रस्ता रुंद झाला तेव्हा पुढचं अंगण गेलं. जास्वंद, अनंत, तगर, सगळंच गेलं. आदल्या दिवशी आजीने खुरप्याने निशिगंध आणि मे फ्लॉवरचे गड्डे तेवढे उकरले, माती झटकली, डालड्याच्या जुन्या डब्यात भरले आणि म्हणाली, "हे ने मुंबईला. झाड नेलंस तर वाटेत मरेल. गड्डा मरायचा नाही."

ही फेब्रुवारीतली गोष्ट. डबा माळ्यावर टाकला आणि विसरलो (दुसरं काय!). मे अखेरीस उघडून बघतो तर मे फ्लॉवरच्या गड्ड्यांना हिरवी टोकं फुटलेली.

नंतर थोडं वाचलं, तेव्हा कळलं की आजीने एका वाक्यात जगाच्या बागांचा इतिहास सांगितला होता. शिडाच्या जहाजावर झाड जगवणं महाकठीण. खारा वारा, आणि गोडं पाणी माणसांनाच पुरायचं नाही. लंडनच्या डॉक्टर वॉर्डने काचेची बंद पेटी काढली आणि १८३३ साली तिच्यातून रोपं सिडनीपर्यंत जिवंत पोचवली. त्याआधी लांबचा प्रवास बिनधोक करायच्या त्या बिया आणि कंद. कंद म्हणजे झाडाने दुष्काळासाठी बांधून ठेवलेली शिदोरी. पाणी संपलं की पानं टाकायची आणि आत झोपून राहायचं. आपल्या लॅपटॉपचं हायबरनेट म्हणा ना!

आपला 'अस्सल मराठी' निशिगंध असाच आला. तो मूळचा मेक्सिकोचा. अझ्टेक लोक त्याला 'हाडाचं फूल' म्हणत. सोळाव्या शतकात तो युरोपात पोचला आणि पुढे आपल्याकडे येऊन गुलछडी झाला, रजनीगंधा झाला, हारात आणि वेणीत जाऊन बसला. अलीकडे वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला चक्क घायपाताच्या प्रजातीत टाकलंय. मे फ्लॉवर आफ्रिकेचा. पाऊस पडला की कुंडीत उगवणारी गुलाबी लिली अमेरिकेची. म्हणजे आजीच्या अंगणात वेगवेगळे खंड नांदत होते, आणि पासपोर्ट कुणाकडेच नव्हता.

सगळ्यांनाच कोकण मानवत नाही हेही खरं. ट्यूलिप घ्या. क्लूसियसने लायडनच्या बागेत ते लावले आणि १५९४ साली फुलवले. पुढे हॉलंडमध्ये एकेका कांद्याची किंमत घराएवढी झाली आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये बाजार कोसळला. (डॉटकॉमवाल्यांनो, आपण पहिले नव्हतो!) मीही एकदा हौसेने ट्यूलिपचे कांदे मागवून बाल्कनीत लावले. कुजले. ट्यूलिपला फुलायला तीनेक महिन्यांची थंडी लागते. श्रीनगरला ती मिळते, म्हणून तिथे २००७ पासून ट्यूलिपची मोठी बाग आहे. आमच्याकडे डिसेंबरातही पंखा लागतो.

आणि कोकणचा स्वतःचा कांदा? आहे की! दीपकाडी. पहिल्या पावसात रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर पांढरीशुभ्र फुलते. जगात तिला फार थोडी जागा उरलीय, तेव्हा ती बघायची, उकरायची नाही.

कुंडीचं म्हणाल तर अगदी सोपं. तळाला भोक हवंच. लाल माती, वाळू आणि जुनं शेणखत. निशिगंधाचा एक गड्डा एकदाच फुलतो, पण जाताना शेजारी पिल्लं ठेवून जातो. मे फ्लॉवरची पानं पिवळी पडली की पाणी बंद करायचं. झाड मेलं समजून कुंडी फेकू नका, ही खास विनंती.

माझ्या बाल्कनीत आता सात कुंड्या आहेत. मागच्या वर्षी आजी गेली. या मे महिन्यात लाल गोळा उमलला तेव्हा आईला फोन केला. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "एक पिल्लू मला आणून दे. मागच्या दारी जागा आहे अजून."

असो. पुढच्या शनिवारी माणगाव. डबा घासून ठेवलाय.