तीन पत्ती आणि पोकर : कोणता हात मोठा?

दिवाळीच्या रात्री अनेक घरांत पत्त्यांचा डाव मांडला जातो. मराठवाड्यातील हिंगोली-नांदेड पट्ट्यात ‘तिर्रट’ या नावाने पोलिसांच्या कारवाईच्या बातम्यांत झळकणारा खेळही तीन पानांचाच. मात्र पाच पानांचा पोकर पाहून आलेला खेळाडू तीन पत्तीला बसला, की ‘कलर मोठा की सिक्वेन्स?’ यावरून हमखास वाद होतो. या वादाचे उत्तर गणितात आहे. जो हात दुर्मीळ, तो मोठा, हे क्रमवारीचे मूळ सूत्र होय.

तीन पानांची क्रमवारी

बावन्न पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. चढा क्रम उतरत्या भाजणीत असा :

* ट्रेल (तीन एक्के, तीन राजे इत्यादी) : ५२
* प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाची सलग पाने) : ४८
* सिक्वेन्स (वेगवेगळ्या चिन्हांची सलग पाने) : ७२०
* कलर (तिन्ही पाने बदाम, चौकट, किलवर किंवा इस्पिक) : १,०९६
* जोडी : ३,७४४
* काहीच न जुळलेला हात : १६,४४०

म्हणजेच चारपैकी जवळपास तीन हातांत काहीही जुळत नाही. तेथे सर्वांत मोठ्या पानावर निकाल लागतो. ट्रेल सरासरी ४२५ हातांत एकदा येतो.

या यादीत एक अपवाद आहे. प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा किंचित दुर्मीळ असूनही रूढीने ट्रेलला वरचा मान दिला आहे. कॅसिनोतील ‘थ्री कार्ड पोकर’मध्ये मात्र गणिताप्रमाणे प्युअर सिक्वेन्सच वरचढ ठरतो.

पाच पानांत उलटापालट

पोकरमध्ये पाच पानांचे २५,९८,९६० हात संभवतात. त्यांत सलग पानांचा ‘स्ट्रेट’ १०,२०० प्रकारे, तर एकाच चिन्हाचा ‘फ्लश’ केवळ ५,१०८ प्रकारे जमतो. म्हणून येथे कलर सिक्वेन्सला हरवतो. पाने वाढली की सर्व एकाच चिन्हाची येणे झपाट्याने अवघड होते. क्रम मात्र कोणत्याही चिन्हाच्या पानाने पुढे जातो.

फ्लशच्या वर फुल हाउस (तीन अधिक दोन सारखी पाने), त्यावर चार सारखी पाने आणि सर्वांत वर स्ट्रेट फ्लश. एक्का, राजा, राणी, गुलाम व दश्शी एकाच चिन्हाची आली तर तो रॉयल फ्लश. असे हात केवळ चार आहेत. स्ट्रेटच्या खाली तीन सारखी पाने, दोन जोड्या आणि एक जोडी असा उतरता क्रम लागतो.

आधी ठरवावे

एक्का-दुर्री-तिर्री या सिक्वेन्सचे स्थान घरोघरी बदलते. त्यामुळे डाव सुरू होण्यापूर्वीच ते ठरवणे श्रेयस्कर.

क्रमवारी पाठ असली तरी पाने नशिबानेच येतात. सर्वोच्च न्यायालयाने के. सत्यनारायण खटल्यात (१९६८) रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ म्हटले. तीन पानांच्या ‘फ्लश’ला मात्र निव्वळ नशिबाचा. राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर केंद्राच्या २०२५ च्या कायद्याने बंदी घातली. त्यात कौशल्य आणि नशीब असा भेद ठेवलेला नाही. हाताचे मोल जाणून घेण्यास मात्र पैसे लावण्याची गरज नाही; काड्यापेटीच्या काड्यांवरही डाव तितकाच रंगतो.