मंडूसी : गव्हाच्या वेषातलं तण

या मालिकेत मी एरवी लढायांचा इतिहास सांगतो. आज एका गवताचा सांगणार आहे. हसू नका. या गवताने नव्वदच्या दशकात हरियाणा-पंजाबचा, म्हणजे देशाच्या रेशनचा गहू धोक्यात आणला होता.

१९९४ च्या सुरुवातीला माझं पोस्टिंग हिसारला होतं. आमचा एक नाईक रजेवरून परतला तो तोंड उतरवूनच. त्याच्या वडिलांनी दाणे भरण्याआधीच गहू हिरवा कापून म्हशींपुढे टाकला होता. मी सातारकडचा, उभं पीक जनावरांना घालायचं म्हणजे काय, ते मला कळत होतं. विचारलं, "पाणी कमी पडलं का?" तो म्हणाला, "नाही साब, मंडूसी. दवा दोनदा मारली, पण ती मरतच नाही."

मंडूसी म्हणजे फॅलॅरिस मायनर. पंजाबात तिला गुल्ली-डंडा म्हणतात. लहानपणी ती हुबेहूब गव्हाच्या रोपासारखी दिसते. बुंध्याशी जरा लालसर झाक असते, तेवढाच काय तो फरक. आमची आजी भांगलायला बसली की हराळी आणि लव्हाळा लांबून ओळखायची. इथे मात्र तिचीही फसगत झाली असती.

हे तण मेक्सिकोच्या गव्हाबरोबर आलं, असं तिकडे सर्रास सांगतात. आपल्याकडे गाजर गवताबद्दल सांगतात तसंच. पण मंडूसीची नोंद त्याच्या कितीतरी आधीच्या वनस्पतिग्रंथांत सापडते. बदललं होतं ते शेत. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बुटके गहू आले, पाणी आणि खत वाढलं, आणि भातामागून गहू, गव्हामागून भात असं चक्र सुरू झालं. बुटक्या गव्हाच्या सावलीत तण दबत नाही. खत आणि ओल गव्हाला मिळाली, तशी मंडूसीलाही मिळाली.

मग आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक आलं. स्वस्त आणि गुणकारी. ऐंशीच्या दशकात बहुतेकांची भिस्त त्याच्यावरच होती. पहिल्या पाण्यानंतर, पेरणीपासून साधारण महिन्याभराने, ते सारखं फवारायचं अशी शिफारस होती. प्रत्यक्षात अनेक जण ते वाळूत किंवा युरियात कालवून हाताने फेकत. कुणी मात्रा कमी घेई, कुणी पाणी कमी घेई. शेतात कुठे औषध जास्त, कुठे नावापुरतं. नावापुरतं पडलं तिथली चिवट रोपं वाचली आणि त्यांचंच बी पुढच्या वर्षी उगवलं. दहा-पंधरा वर्षं हेच चाललं.

औषध चालेना, तेव्हा आधी संशय आला तो भेसळीचा, नाहीतर शेतकऱ्याच्या फवारणीचा. हिसारच्या चौधरी चरणसिंह हरियाणा कृषी विद्यापीठातले तणशास्त्रज्ञ डॉ. आर. के. मलिक आणि डॉ. समुंदर सिंग तेवढ्यावर थांबले नाहीत. जिथे औषध हरलं होतं, त्या शेतांतलं मंडूसीचं बी त्यांनी गोळा केलं. जिथे औषध फारसं वापरलंच नव्हतं तिथलंही आणलं. दोन्ही वाढवून चढत्या मात्रेने औषध दिलं. एक गट शिफारशीच्या मात्रेत मेला, दुसरा कितीतरी जास्त मात्रेतही तगला. औषध तेच, हात तोच. म्हणजे बदल तणातच झाला होता. १९९५ मध्ये 'वीड टेक्नॉलॉजी' या अमेरिकी नियतकालिकात त्यांचा निबंध आला. तणनाशकाला तण दाद देत नाही, याची भारतातली ही पहिली नोंद.

पुढच्या अभ्यासातून कारणही कळलं. आयसोप्रोट्युरॉन रोपाचं प्रकाशसंश्लेषण बंद पाडतं. ही मंडूसी ते विष काम करण्याआधीच पचवून टाकत होती. गहूही याच ताकदीवर त्या औषधातून वाचतो. म्हणजे शत्रूने आधी आपला गणवेश घातला आणि मग आपली ढालही उचलली.

१९९७-९८ च्या सुमारास क्लोडिनाफॉप, फेनोक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन ही नवी औषधं मिळाली. पण मलिक नुसत्या नव्या बाटलीवर विसंबले नाहीत. सपाट पंख्यासारखा फवारा देणारा नोझल वापरा, औषधं आलटून-पालटून घ्या, पीक बदला, असा त्यांचा आग्रह होता. सगळ्यात धाडसाचं म्हणजे, नांगरू नका! भात काढल्यावर रान न उकरता थेट यंत्राने गहू पेरायचा. पेरणी लवकर होते, डिझेल वाचतं आणि माती न हलल्याने मंडूसीही कमी उगवते. न नांगरता शेती म्हणजे वेडेपणा, असं लोक म्हणाले. म्हणून हे प्रयोग शेतकऱ्यांच्याच रानात, त्यांच्या डोळ्यांसमोर झाले. आमच्या नाईकाच्या वडिलांनी एक वर्ष बरसीमचा चारा घेतला. बरसीम वारंवार कापला जातो, त्यामुळे मंडूसीला बी धरायला सवड मिळत नाही. पुढे तेही न नांगरता पेरायला लागले.

लढाई संपली का? नाही. २००८ मध्ये कर्नालच्या छोकर आणि शर्मा या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की, काही मंडूसी आता नव्या औषधांनाही जुमानत नाही.

आम्हाला लष्करात पहिल्या वर्षी शिकवतात, की गस्तीची वाट आणि वेळ रोज तीच ठेवली, तर घात ठरलेला. या शास्त्रज्ञांनी तेच गव्हाच्या रानात सिद्ध केलं. शिवाय चूक कुणाची यावर वाद न घालता त्यांनी आधी बी गोळा केलं. तुम्ही इंदूरला असा, हैदराबादला असा की लातूरला. गावाकडच्या भावाने फोन करून सांगितलं, "औषध लागू पडत नाही," तर मात्रा वाढव असं लगेच सांगू नका. आधी विचारा, "किती वर्षं तेच मारतोयस?"

जय हिंद.