अहिल्या : एका नावाची बखर

नगर-सोलापूर रस्त्यावरचे मिरजगाव कर्जत तालुक्यात आणि सीनेच्या काठचे चौंडी शेजारच्या जामखेड तालुक्यात. या टापूत लेकीचे नाव अहिल्या ठेवताना गौतम ऋषींचा आश्रम कोणाच्या डोळ्यांपुढे येत असेल, असे मला वाटत नाही. पंचकन्यांत अग्रस्थान मिळूनही रामायणातील त्या ऋषिपत्नीच्या वाट्याला शाप आला आणि उद्धारही परक्याच्या चरणस्पर्शाने झाला. पुणे आकाशवाणीच्या गीतरामायणाने १९५५ मध्ये तिला स्वतःचे गाणे दिले खरे, पण तेही शापमुक्तीचेच.

या नावाचे दैव पालटले ते १७२५ साली, चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला तेव्हा. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी पुत्र मालेरावही गेला. आणि अशा स्थितीत जिने दौलतीचा कारभार हाती घेतला, तिने महेश्वरी बसून परगण्यांचा वसूल राखला व काशीविश्वेश्वरापासून गयेच्या विष्णुपदापर्यंत देवालये उभारताना खासगीच्या उत्पन्नाचा आधार घेतला. महेश्वरच्या टांकसाळीतला रुपया हाती घ्यावा: फारसी अक्षरांत नाव दिल्लीच्या शहाआलम बादशहाचे, आणि त्याच नाण्यावर शिवलिंग व बिल्वपत्र! बादशाही शिष्टाचार न मोडता आपली निष्ठा नोंदवण्याची ही मराठी रीत मला मोठी मार्मिक वाटते.

संगीताशी या नावाचा संबंध जोडला तो याच नगर जिल्ह्यातील संगमनेरच्या अनंतफंदीने. लावणी-पोवाड्यांनी फडावर नाव गाजवलेला हा शाहीर महेश्वरी गेला असता, ब्राह्मणाने तमाशात डफ वाजवणे शोभत नाही असे बाईंनी सुनावले, आणि त्याने तिथेच डफ फोडून कीर्तनाची वाट धरली, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी धरण्याची गरज नाही. मात्र पुराणातल्या शापित स्त्रीचे नाव धारण करणारी एक विधवा शाहिरास आज्ञा करते, हे लोकांना स्वाभाविक वाटले, यातच त्या काळच्या तिच्या दराऱ्याची साक्ष आहे. डफाबद्दल मात्र मला आजही हळहळ वाटते.

पुढे चित्रांनी व मालिकांनी शुभ्र वस्त्र आणि तळहातावरचे शिवलिंग एवढीच बाई उरवली. हिशेब तपासणारी, न्यायनिवाडा करणारी राज्यकर्ती त्यात हरवली. नाव मात्र नकाशावर चढले: ३१ मे २०२३ रोजी चौंडी येथेच जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा झाली, २०२४ मध्ये तिच्यावर शिक्कामोर्तब झाले, आणि मलिक अहमद निजामशहाच्या नावाचा जिल्हा अहिल्यानगर झाला.